निमंत्रण पत्रिकेवर वक्त्याच्या नावाखाली ‘डावे’ आणि ‘उजवे’ छापावे काय?

बर्डीचा वाचक (धागाकर्ता)

नमस्कार. नागपुरातील एका जुन्या वस्तीत आमचे छोटे वाचनालय आहे आणि त्याच्या कार्यकारिणीत मी ९ वर्षांपासून काम करतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर दोन वक्ते बोलावतो आणि त्यानंतर तासभर श्रोत्यांना प्रश्न विचारू देतो. मागच्या वेळी शहराचा पाणीपुरवठा हा विषय होता. २०१२ पासून आपल्या शहराचे पाणी २५ वर्षांच्या करारावर खासगी चालकाकडे आहे, तेव्हा या व्यवस्थेच्या बाजूने बोलणारा एक आणि तिच्या विरोधात बोलणारा एक असे दोन वक्ते ठरले. पत्रिका छापायला देताना आमच्यापैकी एकाने सुचवले की लोकांना आधीच अंदाज यावा म्हणून नावांखाली ‘डावे विचारवंत’ आणि ‘उजवे विचारवंत’ असे टाकावे. कोणीही हरकत घेतली नाही, मीसुद्धा घेतली नाही.

सभागृह भरले, पण ते कसे भरले हे मी दारात उभा राहून पाहिले. लोक पत्रिका हातात घेऊन आत येत होते, कोण कोणत्या बाजूला बसले आहे ते न्याहाळत होते आणि मगच खुर्ची निवडत होते. पहिला पाऊण तास पाण्याविषयी जवळजवळ काहीच बोलले गेले नाही. रशियात काय झाले, कोणत्या पक्षाने कधी कोणाशी युती केली, कोण कोणाचा हस्तक आहे, यातच वेळ गेला. शेवटी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली पाण्याची बिले होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमी डावे हा का उजवे, थे राहू द्या. माह्या नळाले पहाटं पाणी येते, पण वरच्या मजल्यावर चढत नाही, त्याले काय कराव, थे सांगा.” दोन्ही वक्ते गप्प झाले. त्या प्रश्नाचे उत्तर दोघांकडेही तयार नव्हते.

आता पुढची चर्चा हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत आहे आणि विषय वेगळा विदर्भ हा आहे. पत्रिकेवर ‘विदर्भवादी’ आणि ‘अखंड महाराष्ट्रवादी’ असे छापायचे की नाही यावर कार्यकारिणीतील ७ जणांपैकी ३ जण एका बाजूला आहेत, ३ दुसऱ्या बाजूला आहेत आणि सातवा मी आहे. सोमवारी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे. शिक्के पूर्णपणे काढून टाकावेत असे मला आज वाटते, पण माझी खात्री झालेली नाही, म्हणून अनुभवी मंडळींचे मत विचारतो आहे.

निशिगंध

छापू नये. वक्त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे म्हणणे गृहीत धरून बसलेला श्रोता ऐकायला आलेलाच नसतो, हे मी महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धांपासून पाहत आले आहे.

राज्यशास्त्राची शिक्षिका

निशिगंध, मी सहमत नाही. मतदान यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक उमेदवाराची प्रत्येक प्रश्नावरील मते वाचायला कधीच वेळ मिळणार नाही, आणि पक्षाचे नाव, चिन्ह, विचारसरणीचे नाव हे सगळे त्याच्यासाठी वाटेवरच्या दगडांसारखे आहे. ते दगड उपटून टाकले तर वाट मोकळी होत नाही, वाटसरू चुकतो.

मात्र ते दगड कोणी, कुठे आणि कशासाठी रोवले हे ठाऊक असले पाहिजे. डावे-उजवे ही भाषा १७८९ मधील फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेतून आली. राजाला नकाराधिकार असावा असे मानणारे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले आणि त्याला विरोध करणारे डाव्या हाताला. म्हणजे धागाकर्त्यांच्या सभागृहात जे झाले, लोक बाजू पाहून बसले, तेथूनच हे शब्द जन्मले आहेत. त्या वेळी त्यांचा अर्थ अगदी नेमका होता, कारण समोर एक ठराव होता आणि त्यावर हात वर करायचा होता. तो ठराव गेला, शब्द उरले, आणि आपण ते पाणी, शेती, भाषा, शिक्षण, धर्म अशा सगळ्यांवर एकाच वेळी लावू लागलो.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन मुळात नागपुरात व्हायचे होते, पण येथे जहालांचा जोर होईल या भीतीने ते सुरतेला हलवण्यात आले आणि तेथे पक्ष फुटला. वर्गात मी ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द शिकवते आणि ते शिकवल्याशिवाय तो काळ समजत नाही. पण ते शब्द ब्रिटिश सरकारशी कसे वागावे एवढ्यापुरतेच आहेत. मवाळ म्हणवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, जे पुढच्या वर्षी फेटाळले गेले. जहालांचे अग्रणी लोकमान्य टिळक १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याच्या विरोधात उभे होते. समाजसुधारणेच्या प्रश्नावर जहाल कोण आणि मवाळ कोण, असे मी विचारले की वर्ग एकदम शांत होतो, आणि ती शांतता मला फार मोलाची वाटते.

म्हणून माझे उत्तर असे की शिक्का छापावा, पण तो कोणत्या प्रश्नापुरता आहे तेही छापावे.

जुना मुद्रितशोधक

मी एका दैनिकात २६ वर्षे मुद्रितशोधन केले. ते दैनिक कोणते होते हे महत्त्वाचे नाही. रात्री साडेदहानंतर राजकीय बातम्यांची प्रुफे एकामागून एक येऊ लागत आणि माझ्या लाल शाईचा अर्ध्याहून अधिक खर्च ऱ्हस्व-दीर्घावर नव्हे, तर विशेषणांवर होत असे.

मराठीत शिक्का तयार करणे फार सोपे आहे, आणि तो कोणत्या प्रत्ययाने तयार केला आहे यावरून लिहिणारा कुठे उभा आहे ते चटकन कळते. ‘गांधीवादी’, ‘समाजवादी’, ‘विदर्भवादी’ यांतील ‘वादी’ बहुधा माणसाने स्वतः स्वीकारलेला असतो. ‘विकासविरोधी’, ‘धर्मविरोधी’ यांतील ‘विरोधी’ दुसऱ्याने चिकटवलेला असतो, कारण स्वतःला विकासविरोधी म्हणवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ‘धार्जिणा’ हा शब्द तर केवळ दुसऱ्यासाठीच राखलेला आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे ‘तथाकथित’. चांगला शब्द अवतरणचिन्हांत घालायचा आणि मागे ‘तथाकथित’ लावायचे, की माणूस खोटा ठरला, पण का खोटा ते सांगण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहत नाही.

आमच्या वृत्तसंपादकांनी एक नियम घालून दिला होता. जे विशेषण त्या माणसाने स्वतः जाहीरपणे वापरले आहे तेच त्याच्या नावापुढे लागेल. बाकी सगळ्या ठिकाणी त्याने काय केले किंवा काय म्हटले ते क्रियापदाने लिहायचे. ‘डाव्या विचारांचे अमुक’ असे लिहिण्याऐवजी ‘पाणीपुरवठ्याच्या कराराला विरोध करणारे अमुक’ असे लिहायचे. त्यामुळे बातमीचा रकाना एका ओळीने वाढत असे आणि पानाची जुळणी करणारे सहकारी रोज कुरकुर करत असत.

एकदा माझ्याकडून चूक झाली. एका ज्येष्ठ वक्त्याच्या नावापुढे बातमीदाराने ‘विदर्भवादी नेते’ असे लिहिले होते आणि मी ते तसेच जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. ते रागावलेले नव्हते. ते म्हणाले, “मी अनुशेषावर, म्हणजे विदर्भाच्या विकासातील मागे राहिलेल्या बाकीवर बोललो, वेगळ्या राज्यावर बोललो नाही. या दोन गोष्टी एक आहेत असे मी कधी म्हटले?” मी तो अंक अजून जपून ठेवला आहे.

मेडिकल चौक

मुद्रितशोधक काका, ‘निष्पक्ष’ हा शब्द तुम्ही कोणत्या गटात घालाल? आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समूहात सर्वांत टोकाचे संदेश पाठवणारे सदस्य दर वेळी सुरुवातीला आपण निष्पक्ष असल्याचे लिहितात.

जुना मुद्रितशोधक

मेडिकल चौक, तोही ‘वादी’च्याच गटात जाईल, कारण तोही माणसाने स्वतःच घेतलेला असतो. फरक इतकाच की त्याची खातरजमा करायला कोणताही ठराव किंवा जाहीरनामा हाताशी नसतो.

गिरणीतला

धागा सुरुवातीपासून वाचला. येथे बहुतेकांचा सूर असा दिसतो की शिक्का म्हणजे काहीतरी लाजिरवाणे आहे. मला ते मान्य नाही आणि का मान्य नाही ते सविस्तर सांगतो.

एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि माझे आजोबा, वडील आणि काही वर्षे मी अशा तीन पिढ्यांनी तिच्या भोंग्यावर दिवस काढले. मी कामगार संघटनेत होतो आणि लाल बावट्याखाली होतो. मी डावा आहे. ते माझे नाव आहे, कोणी दिलेली शिवी नाही. माझ्या वडिलांना अक्षरओळख जेमतेम होती, पण द्वारसभेला कोणता झेंडा घेऊन कोण आले आहे हे पाहून ते कोणाचे ऐकायचे आणि कोणाच्या बोलण्यावर सही करायची नाही हे ठरवू शकत होते. त्यांच्यासाठी तो झेंडा म्हणजे शंभर पानांचा सारांश होता. सुशिक्षित माणसाला शिक्क्याची गरज वाटत नाही, कारण त्याच्याकडे शंभर पाने वाचायला वेळ असतो.

आणि दुसरी गोष्ट. ‘आम्हाला लेबले नकोत, फक्त मुद्द्यावर बोलू’ असे म्हणणाऱ्याचे वाक्य नेहमी तपासून पाहावे. व्यवस्थापनही वाटाघाटीच्या टेबलावर हेच म्हणत असे. मुद्दा कोणता हे मात्र तेच ठरवत असत.

त्या बाईंच्या प्रश्नाला आमच्या बाजूच्या वक्त्याला उत्तर देता आले नाही याचे मला वाईट वाटते. स्वतःला डावा म्हणवणाऱ्याला वस्तीतील नळाचा दाब ठाऊक नसेल तर त्याने ते नाव लावू नये, असे मी आमच्या बैठकीतही म्हटले असते.

महालातला स्वयंसेवक

गिरणीतल्या दादांचे लिखाण मनापासून आवडले, जरी आमचे मार्ग वेगळे असले तरी. माझी अडचण त्यांच्या उलट आहे. त्यांनी ‘डावा’ हा शब्द स्वतः घेतला आहे, पण ‘उजवा’ हा शब्द मी कधीच घेतलेला नाही. लहानपणापासून संघाच्या शाखेत गेलो, पुढे मजूर संघाचे काम केले. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली आणि १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंचही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. परकीय भांडवल, मोठ्या कंपन्या यांना विरोध करण्यासाठी मी स्वतः मोर्च्यात चाललो आहे. युरोपातील पुस्तकात ‘उजवा’ म्हणजे मुक्त बाजारपेठेचा समर्थक असतो, आणि त्या व्याख्येने मी उजवा ठरत नाही. तरीही चर्चेत कोणी मला उजवा म्हटले की पुढची दहा मते आपोआप माझ्या खात्यावर जमा होतात.

पाण्याच्या त्या चर्चेला मी हजर होतो. मी पत्रिकेवरील शिक्का पाहून उजव्या वक्त्याच्या बाजूला जाऊन बसलो आणि नंतर लक्षात आले की करारावरचे माझे मत समोरच्या वक्त्याशी जुळते आहे.

गिरणीतला

स्वयंसेवक भाऊ, यशवंत स्टेडियमपासून निघून मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवलेल्या मोर्च्यांत आपण एकमेकांना नक्कीच पाहिले असेल. झेंडे वेगळे होते म्हणून बोललो नसू.

काटोलचा कास्तकार

डावे-उजवे हे शब्द कास्तकाराच्या अंगावर कधीच नीट बसले नाहीत, ते कसे ते सांगतो.

१९५९ च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमीन एकत्र होणार या बातमीने आमच्या गावात काय धास्ती पसरली होती ते आजोबा सांगत असत. त्या ठरावाला विरोध करत राजगोपालाचारी, मिनू मसानी, रंगा यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला आणि त्याला सगळे उजवा पक्ष म्हणू लागले. आजोबांना वाटत होते तेच तो पक्ष बोलत होता. मग चार एकरांचे आणि एका बैलजोडीचे मालक असलेले आजोबा उजवे झाले काय?

पुढे १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. सरकारनेच कापूस घ्यायचा, व्यापाऱ्याने नाही. कागदावर ही डावी योजना, आणि वडिलांनी सुरुवातीला तिचे स्वागत केले, कारण व्यापाऱ्याच्या काट्याने ते पोळले होते. मी लहान असताना त्यांच्यासोबत बंडीवर बसून खरेदी केंद्रावर गेलो आहे. थंडीत बंड्यांची रांग लागलेली असायची, बैल सोडून लोक बंडीखालीच झोपायचे, आणि सकाळी ग्रेडर कापूस हातात घेऊन प्रत ठरवायचा, त्या क्षणी वडिलांचा चेहरा कसा व्हायचा तो माझ्या डोळ्यांसमोर आहे. चुकारे वेळेवर न मिळाल्यामुळे सावकाराकडे जावे लागायचे. शेजारच्या राज्यात भाव चांगला असला तरी तिकडे कापूस नेणे हा गुन्हा होता. काही वर्षांनी तेच वडील ‘आमचा माल आम्हाला पाहिजे तिथे विकू द्या’ म्हणून शेतकरी संघटनेच्या सभेला जाऊ लागले. त्याच वेळी त्यांना हमीभावही हवा होता.

बाजार मोकळा हवा आणि हमीभावही हवा, असे म्हणणाऱ्याला शहरातले विद्वान गोंधळलेला म्हणतात. तो गोंधळलेला नाही. दोन्ही मागण्या त्याच्या एकाच अनुभवातून आलेल्या आहेत, फक्त तुमच्या दोन खणांपैकी एकातही तो अनुभव मावत नाही.

कोर्ट रस्ता

कास्तकार भाऊंच्या लिखाणाला कायद्याच्या बाजूने एक पुरवणी जोडतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ मध्ये आलेल्या कलम २९-अ नुसार नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक राजकीय पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणजे आज स्वतंत्र पक्षासारखा पक्ष काढायचा असेल तर त्यालाही आधी आपण समाजवादाशी निष्ठावान आहोत असे नमूद करावे लागेल. सर्वांनाच सक्तीने लावलेला शब्द कोणालाच ओळखायला उपयोगी पडत नाही.

संविधान सभेत हा प्रश्न आला होता. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शाह यांनी पहिल्या अनुच्छेदात ‘सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावे, ते घटनेत बांधून ठेवू नये, हे त्यांचे एक कारण होते. दुसरे कारण असे की मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आधीच आलेला आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ज्यांनी १९४७ मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा असे लेखी मांडले होते तेच आंबेडकर शब्दाचा आग्रह धरत नव्हते, तरतुदीचा धरत होते. पुढे १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने ‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत आला.

आणखी एक गोष्ट. शिक्का चर्चेतून कायद्यात गेला की त्याचे वजन बदलते. २०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळात जनसुरक्षा विधेयक संमत झाले, त्या वेळी ‘कडवी डावी विचारसरणी’ या शब्दांवर झालेला वाद सर्वांनी वाचला असेल. त्या विधेयकाविषयी माझे मत येथे मांडत नाही, कारण धागा भरकटेल. पण ज्या शब्दाची व्याख्या सभागृहातील चर्चेत सैल असली तरी चालते, तो शब्द कायद्यात येताना विचारसरणीऐवजी कृतीची व्याख्या करणारा असावा, एवढे वकील म्हणून मला आग्रहाने वाटते.

महालातला स्वयंसेवक

वकीलसाहेब, गडचिरोलीत ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्यासाठी तो शब्द सैल नाही. तरीही कृतीची व्याख्या असावी या तुमच्या म्हणण्याशी माझा वाद नाही.

अन्नपूर्णा

थोडे विषयाच्या काठावरून लिहिते. मराठीत हे दोन शब्द मुळातच समान वजनाचे नाहीत. एखाद्यापेक्षा सरस असणे म्हणजे उजवे असणे. मुलांमध्ये भेदभाव केला तर आपण डावे-उजवे केले असे म्हणतो. बाजूला सारणे म्हणजे डावलणे. त्यामुळे फ्रान्समधील सभेत ती केवळ बसण्याची जागा असली, तरी आपल्या पत्रिकेवर एकाच्या नावाखाली ‘डावे’ आणि दुसऱ्याच्या नावाखाली ‘उजवे’ छापल्यावर वाचणाऱ्याच्या मनात काहीही हालचाल होत नाही असे मला वाटत नाही.

या भाषेत डाव्या बाजूला मान असलेली एकच जागा मला आठवते, ती म्हणजे पंगतीतले पान. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. माझी आजी वाढायला शिकवताना म्हणायची, “डावी बाजू आधी लागते.”

इंदोऱ्याचा

गिरणीतले दादा ‘ते माझे नाव आहे’ असे म्हणाले, त्यावर मला बोलायचे आहे, कारण आमच्या समाजाला हा प्रश्न राजकारणाच्याही आधीपासून ठाऊक आहे.

मराठीत नाव घेणे वेगळे आणि नावे ठेवणे वेगळे. बाळाचे बारसे होते तेव्हा प्रेमाने नाव ठेवतात, आणि शेजाऱ्याला हिणवतात तेव्हाही नावे ठेवतात. आमच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे दुसऱ्यांनी ठेवलेली होती. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले तेव्हा लोकांनी लादलेली स्थिती त्यांनी मथळ्यावर उघड लिहिली. १९७२ नंतर दलित पँथरने ‘दलित’ हा शब्द घेतला आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात त्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया या सर्वांना सामावून घेतले. आमच्या इंदोऱ्यात मात्र अनेक घरांत तो शब्द चालत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर आमच्या आजीने जे नाव घेतले ते बौद्ध हे होते, आणि ‘दलित’ म्हटले की आई आजही दुरुस्त करते. २०१८ मध्ये हा प्रश्न नागपूर खंडपीठासमोरही गेला होता आणि त्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना ‘अनुसूचित जाती’ हा शब्द वापरण्याचा सल्ला दिला. त्यावरही आमच्यातच दोन मते आहेत, कारण सरकारी शब्दात लढ्याची आठवण राहत नाही असे अनेकांना वाटते. एकाच माणसासाठी चार शब्द आहेत आणि कोणता वापरावा हे त्या माणसाला विचारावे लागते. विचारण्याचे कष्ट टाळू नयेत, इतकीच माझी मागणी आहे.

मुद्रितशोधक काकांचा नियम म्हणूनच मला पटला, पण तो पुरेसा नाही. मी स्वतःला आंबेडकरी म्हणवतो, अभिमानाने म्हणवतो. आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीचा हिशेब वाचला जात होता. त्यात बेरजेची चूक होती, एक रक्कम दोनदा धरली होती. मी उठून ती दाखवली. उत्तर आले, “तुम्ही आंबेडकरी मंडळी प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता.” शब्द माझाच होता, मी घेतलेला होता, पण त्या क्षणी तो बेरजेच्या उत्तरादाखल वापरला गेला. सभेत कोणीही हसले नाही आणि कोणी काही बोललेही नाही. नंतर जिन्यात दोघांनी सांगितले की तुमचे बरोबर होते. पुढच्या सभेत हिशेब दुरुस्त होऊन आला आणि त्याचे कारण इतिवृत्तात कुठेही लिहिलेले नव्हते.

म्हणून शिक्का कोणी लावला हे जसे पाहावे, तसेच तो कोणत्या प्रश्नाच्या जागी येऊन बसला आहे हेही पाहावे.

अजनीची

इंदोऱ्याचे दादा, तुमचे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. नागपुरातील अजनी वनातील झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून आम्ही उभे राहिलो तेव्हा माझ्यासोबत सकाळी फिरायला येणारे निवृत्त रेल्वे कर्मचारी होते, शाळेतली मुले होती, सर्व पक्षांना मत देणारे लोक होते. आम्ही झाडांची मोजणी करत होतो, खोडाचा घेर दोरीने मोजून वहीत लिहीत होतो. त्या वहीत काय लिहिले आहे हे कोणी विचारले नाही. ‘विकासविरोधी’ हा एक शब्द आला आणि वही उघडण्याची गरजच उरली नाही. माझ्या सख्ख्या भावाने तो शब्द वापरला होता. आमच्यात आजही त्या विषयावर बोलणे होत नाही.

राज्यशास्त्राची शिक्षिका

मी आधी लिहिलेल्या उत्तरात बदल करते. प्रश्नाचा उल्लेख करून शिक्का छापावा असे मी म्हटले होते, पण विदर्भाच्या विषयात तेही पुरणार नाही असे आता वाटते.

‘विदर्भवादी’ या शब्दाखाली किती वेगळी माणसे उभी आहेत ते पाहा. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळाने १९३८ मध्ये मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या प्रांताचा ठराव केला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. या मागणीत बापूजी अणे होते, ब्रिजलाल बियाणी होते, पुढे जांबुवंतराव धोटे होते, आणि १९९७ मध्ये भुवनेश्वरला भारतीय जनता पक्षानेही तसा ठराव केला. यांना एका डाव्या-उजव्या रेषेवर बसवून दाखवा असे मी परीक्षेत विचारले तर सगळा वर्ग नापास होईल. दुसऱ्या बाजूला, विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेताना हमी देणाऱ्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराची पूर्ण अंमलबजावणी मागणारे लोक आहेत. दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात भरते ते त्याच करारामुळे. त्यांना विदर्भाचे हित हवे आहे, राज्य नको आहे. त्यांना ‘अखंड महाराष्ट्रवादी’ म्हटले की त्यांची अर्धी मागणी पुसली जाते.

धागाकर्त्यांनी दोन्ही वक्त्यांना एकेक वाक्य लिहून मागावे असे मी सुचवते.

बर्डीचा वाचक

सर्वांचे आभार. काल आणि आज मी दोन्ही वक्त्यांकडे जाऊन आलो.

पहिल्या वक्त्यांनी मला चहा दिला आणि स्पष्ट सांगितले, “हा शब्द घेऊन मी ४० वर्षे वावरलो, त्यापायी अटकही झाली, तो माझ्या नावाखालून काढू नका.” गिरणीतल्या दादांचे लिखाण मला तेथे आठवले. दुसऱ्या वक्त्यांनी ‘अखंड महाराष्ट्रवादी’ हा शब्द वाचून मान हलवली आणि आपल्या हाताने वाक्य लिहून दिले, ‘नागपूर करारातील प्रत्येक कलमाची अंमलबजावणी झाली पाहिजे असे मानणारे.’ तेव्हा पत्रिकेवर एकाच्या नावाखाली शब्द असेल आणि दुसऱ्याच्या नावाखाली वाक्य. कार्यकारिणीतील एका सदस्याला हे विजोड दिसते. मला ते तसेच जाऊ द्यावे असे वाटते.

जुना मुद्रितशोधक

तसेच जाऊ द्या. रकाना एका ओळीने वाढला तरी हरकत नाही. प्रूफ माझ्याकडे पाठवलेत तर रविवारी रात्रीपर्यंत तपासून देईन.

बर्डीचा वाचक

काका, प्रूफ आज रात्री पाठवतो. आणखी एक सांगायचे राहिले. बिलांची पिशवी घेऊन आलेल्या त्या बाई परवा वाचनालयात आल्या होत्या. पाण्याची चर्चा पुन्हा केव्हा आहे, असे त्यांनी विचारले. जानेवारीत तोच विषय पुन्हा घ्यायचे आम्ही ठरवले आहे, आणि या वेळी वक्त्यांऐवजी वस्तीतील जलवाहिन्यांचा नकाशा भिंतीवर लावून सुरुवात करायची आहे. त्यांच्या बिलांच्या झेरॉक्स प्रती माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पेंच किंवा कन्हानच्या पाण्यापासून घरच्या नळापर्यंतचे जाळे ज्यांनी प्रत्यक्ष हाताळले आहे असे कोणी निवृत्त अभियंते या धाग्यावर असतील, तर त्यांनी कृपया मला निरोप पाठवावा.